गाडीखाली झोपून घेतलेलं माप

७ जानेवारी

ताई,

पाकीट बघून घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी माझं अक्षर दिसल्यावर माणसाला दुसरं काय वाटणार? काम शिवणाचं आहे.

परवा माझा गणवेश ट्रंकेतून काढला. स्कर्टचं ठीक आहे, श्वास रोखला की चढतो. कोट मात्र छातीवर येतच नाही. बटण एका गावाला आणि काज दुसऱ्या. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे घेऊन गेले, तर तो म्हणाला, दोन्ही कडांना इलॅस्टिक टाकून देतो आजी, कुणाला कळणारसुद्धा नाही. मी कोट उचलला आणि घरी आले. बाबांच्या दुकानात असं कुणी बोललं असतं तर बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. त्या दुकानात आता चष्मे विकतात, तुला माहीत नसेल. आपलं कापायचं टेबल होतं तिथे काचेचं कपाट आहे.

गणवेश हवाय तो अशासाठी. जुन्या बराकीत युद्धाचं संग्रहालय आहे ना, तिथे एप्रिलमध्ये आम्हा बायकांच्या दलासाठी एक खोली उघडणार आहेत. इतकी वर्षं तोफांना जागा होती, आम्हाला आता मिळाली. उरलेल्या सगळ्यांना बोलावलंय, जमलं तर गणवेशात या म्हणून. आपली शिडी येणार आहे. ती आठवते ना, माझ्याबरोबर अँब्युलन्स चालवायची, दाराच्या चौकटीला डोकं लागायचं तिचं? तिला अजून सगळं अंगात बसतं म्हणे. अशा माणसांशी मैत्री ठेवू नये.

तर प्रश्न असा. कोट शिवताना तू शिवणींच्या आत दुमडून भरपूर माया सोडली होतीस, हे मला पक्कं आठवतं. बाबा कुरकुरले होते, सरकारी कापड आहे, बोटभर पुरे. तू म्हणालीस, असू दे बाबा, पोरगी अजून वाढतीय. मी वाढले ताई, फक्त तुला वाटलं होतं त्या दिशेला नाही. आता ती सगळी माया बाहेर काढायची वेळ आली आहे. सुरुवात कुठून करू? अस्तर खालून सोडायचं की काखेतून? कडेची शिवण उसवली तर बाहीचं काय होईल?

हे गेल्यावर तुझ्या धाकट्या मुलीने कार्ड पाठवलं होतं, ते मिळालं. कार्डावर तुझं नाव नव्हतं, पण पाकिटावरचा पत्ता तुझ्याच हातचा होता. जपून ठेवलंय.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मग मात्र मी इलॅस्टिक लावीन.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझा कागद मिळाला. प्रिय नाही, आशीर्वाद नाही, खाली सही नाही. 'आधी बाहीची खालची शिवण, मग कडेची. अस्तर काखेजवळच सोड, खालून नको. जुन्या टाक्यांची भोकं दिसतील, त्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री दाब. मशीनवर बसू नकोस, तुला सरळ शिवता येत नाही.' आणि बाजूला कोटाचं चित्र, बाण काढून. मी ते वाचून हसले आणि कात्री शोधायला उठले.

सांगितलंस तसंच केलं. हातानेच शिवलं. आत दडलेलं कापड बाहेर आलं ते अजून गडद खाकी आहे, त्याला ऊन लागलेलंच नाही. त्यामुळे दोन्ही कडांना गडद पट्टे दिसतात. लोकांना वाटेल नक्षी आहे. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली आणि जी वाफ आली ना, त्या वासाने मला थेट दुकानात नेऊन बसवलं. ओली लोकर, खडू, मशीनचं तेल. बाबा तोंडात टाचण्या धरून हूं हूं करून बोलायचे, आणि गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही, आपल्याला सगळं कळायचं.

सुरुवातीचे दिवस किती गमतीचे होते. दल तर काढलं, पण कपडे नाहीत. आपापल्या फ्रॉकवर दंडाला पट्टी बांधायची, झालो सैनिक. मग पुरुषांचे उरलेले कोट आले. एकेका कोटात आम्ही दोघी मावलो असतो. शिडी सोडून सगळ्यांच्या बाह्या गुडघ्यापर्यंत. आणि मग बाबांना बायकांच्या गणवेशाचं काम मिळालं. बाबांनी जन्मात कुणा बाईचं माप घेतलं नव्हतं. शाळेच्या व्यायामशाळेत आम्हा मुलींची रांग, आत तू टेप घेऊन, आणि बाबा दाराबाहेर पाठ करून वही हातात धरून उभे. तू आतून आकडे ओरडायचीस आणि ते लिहून घ्यायचे. छाती इतकी, कंबर इतकी, रस्त्याने जाणारे येणारे थांबून ऐकायचे. पाववाल्याने तर सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. मग शिडी बाहेर जाऊन त्याच्यासमोर नुसती उभी राहिली तेव्हा तो गेला, आणि त्यानंतर तू आकडे चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवायला लागलीस.

एक गोष्ट मी कधी बोलले नाही. माझा कोट पुरा झाला त्या दिवशी बाबा बटणं आणायला गेले होते. मी मागच्या दाराने आले तर तू आरशासमोर उभी होतीस, माझा कोट घालून, पट्टा आवळून, केस वर घेऊन. तू स्वतःला सलाम केलास. चांगला केलास, माझ्यापेक्षा सरळ. मग आरशात मी दिसले आणि तू म्हणालीस, खांदे बघत होते. मी म्हटलं, बरे बसलेत.

तुला माझ्याआधी जायचं होतं दलात, ते मला माहीत होतं. बाबांनी माझ्या अर्जावर सही केली आणि तुझ्या अर्जावर नाही. दुकानाचा उजवा हात सैन्याला देता येत नाही, म्हणाले. मी डावा हातही नव्हते. वाकडं शिवण्याचा आयुष्यात एवढाच काय तो फायदा झाला मला.

आता बातमी. संग्रहालयात काम करणाऱ्या मुलीचा फोन आला होता. गाडीखाली शिरताना आम्ही घालायचो त्या आपल्या पँटींपैकी एक त्यांना मिळाली आहे, चांगल्या स्थितीत. काचेत लावणार. शेजारी बाबांचा दुकानाच्या पायरीवरचा तो फोटो, आणि खाली कार्डावर बाबांचं नाव. सैन्याने बाबांना दिलेली, भिंतीवरची पितळी पाटीही माझा मुलगा त्यांना देतो म्हणाला. फोन ठेवल्यावर मला भरून आलं. तुलाही बरं वाटेल म्हणून लगेच लिहिलं.

तुझी धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

'पँट बाबांची? तूसुद्धा असंच म्हणणार? टेबलाखाली तर तू झोपली होतीस.'

एवढंच लिहून पाठवायला तू समुद्रापलीकडून तिकीट लावलंस. मला राग आला, खोटं कशाला सांगू. एक उत्तर लिहिलं आणि फाडलं. आता शांतपणे लिहिते आहे.

हो, टेबलाखाली मीच झोपले होते. सगळं आठवतं मला.

त्या हिवाळ्यात मी रजेवर आले तेव्हा माझे दोन्ही गुडघे सोललेले होते. आई म्हणाली, सैन्यात जाऊन रांगायला शिकलीस का? मी तुला सांगितलं की जवळजवळ तसंच आहे. अँब्युलन्स चालवायची तर ती दुरुस्तही आपणच करायची, आणि नियमाप्रमाणे अंगात स्कर्ट. बर्फाच्या चिखलात गाडीखाली शिरायचं म्हणजे स्कर्ट कमरेपर्यंत जाणार, आणि आजूबाजूला शिपाई उभे. मग एकीने ताडपत्री धरून आडोसा करायचा आणि दुसरीने काम. आत जखमी माणूस कण्हतोय आणि आमचे दोन हात ताडपत्रीला लागलेत. त्याच आठवड्यात एका नव्या मुलीचा स्कर्ट इंजिनच्या फिरत्या पट्ट्यात ओढला गेला. शिडीने झडप घालून इंजिन बंद केलं म्हणून तिचा पाय राहिला. आमच्या मेजरबाईंनी पँटी मागितल्या, तर गोदामवाल्या साहेबांचं उत्तर आलं, महिलांच्या गणवेशात पँटीची तरतूद नाही.

तू सगळं ऐकून घेतलंस. सकाळी बाबा यायच्या आत मला दुकानात नेलंस आणि कापायच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणालीस, "ही गाडी. खाली कशी शिरतेस ते दाखव."

मी चिंध्यांमध्ये आडवी झाले, हात वर केले, गुडघे मुडपले. तू टेप घेऊन माझ्या शेजारी सरपटत आलीस. पाठीमागून कंबर ते गुडघा, वाकलेल्या पायाचं माप, कुशीवर वळल्यावर कापड कुठे ओढलं जातं ते. मला गुदगुल्या होत होत्या आणि तू गंभीर. म्हणालीस, उभ्या माणसाचं माप म्हणजे फोटोपुरतं माप.

कापड आघाडीवरून आलेल्या जुन्या पँटींचं. दुरुस्तीला यायच्या त्यातल्या ज्या पार गेलेल्या असत, त्या चिंध्यांत टाकायच्या असत. तू त्या धुतल्यास. कुणाच्या होत्या ते विचारायचं नाही असं आपलं ठरलं होतं. एका खिशात लिमलेटची गोळी निघाली, कागदासकट. तू ती खिडकीत ठेवलीस आणि तिच्याकडे पाठ करून शिवत बसलीस. मी ते पाहिलं होतं ताई.

आणि काय पँटी होत्या त्या. मागून उंच, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडायची नाही. बटणं दोन्ही कडांना, कारण पुढून उघडणारी पँट मुली घालणार नाहीत हे तुला न सांगता कळलं. गुडघ्यात ब्लँकेटचा तुकडा. मांडीवर पाना ठेवायला लांब खिसा. ते गाठोडं आमच्या बराकीत उघडलं तेव्हा मुली आधी हसल्या आणि मग आपापल्या मापाची शोधायला लागल्या. शिडीने पहिली घातली, गाडीखाली गेली, आणि तिथूनच म्हणाली, मी आता बाहेर येत नाही.

मग स्टेशनवर बॉम्ब पडले. आम्ही झोप सोडून गाड्या हाकल्या. परतलो तर मोठे साहेब पाहणीला आलेले, कपडे बदलायला सवडच नव्हती. चिखलाने माखलेल्या पँटीत आम्ही ओळीने उभ्या. ते खाली बघत म्हणाले, हे काय आहे? आम्ही नाकासमोर बघत होतो. शेवटी मेजरबाई म्हणाल्या, "पँट, साहेब."

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू घरी होतीस. युद्धाच्या काळात सैन्याचं कापड परवानगीशिवाय कापलं म्हणून चौकशी. गोदामवाले साहेब शिपाई घेऊन दुकानात आले, तुरुंगाची भाषा केली. आणि बाबांनी कात्री खाली ठेवून सांगितलं, मी शिवल्या. बाबांना तर त्या पँटींचा पत्ताही नव्हता तोवर. काम काढून घेतलं, दुकान ओस पडलं, बाबा रिकाम्या टेबलाशी नुसते बसून राहायचे. हे त्यांनी तुझ्यासाठी केलं. मग पुढे सैन्याने पँटीचा तोच बेत मान्य केला आणि बाबांच्या नावाची पाटी दिली, तर त्यात बाबांचा काय गुन्हा झाला?

आणि तू त्यांच्या शेवटच्या निरोपालाही आली नाहीस. मी दारात उभी होते, आई सारखी विचारत होती, मोठी आली का? हे मी आजवर कधी लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय, खोडणार नाही.

धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं लांब पत्र मिळालं. सही केलीस. पत्र किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

तू लिहितेस, बाबांनी तुला वाचवलं हे तुला त्याच दिवशी कळलं होतं, आणि त्या रात्री तू आईच्या कुशीत तोंड खुपसून रडलीस ते त्यांच्यासाठीच. मला हे माहीत नव्हतं. मी समजत होते की तुला त्याची जाणीवच नाही.

आणि मग तू फोटोच्या दिवसाचं लिहिलंस. युद्ध संपत आलं होतं, आता कुणी कुणाला तुरुंगात टाकणार नव्हतं. सैन्याचे लोक पाटी घेऊन आले, वर्तमानपत्रवाला कॅमेरा घेऊन आला. बाबा पायरीवर उभे राहिले आणि तुला हाक मारली. तुला वाटलं, आता सांगणार. तू हात पुसत आलीस. बाबा म्हणाले, जरा कॉलर नीट कर माझी. तू कॉलर नीट केलीस आणि बाजूला झालीस. त्या रात्री जेवताना ते बोलतील म्हणून वाट बघितलीस. दुसऱ्या दिवशी बघितलीस. मग वाट बघणं सोडून दिलंस. आई दर आठवड्याला तुला ती पाटी घासायला लावायची, आणि तू राख लावून ती लख्ख करायचीस.

'मी जे जे शिवलं ते सगळं त्यांनी शिकवलेलं होतं. तो एक कपडा माझा होता.'

हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. मी त्या काळात बाहेरगावी गाडी हाकत होते, मला वाटायचं घरी सगळं छान चाललंय. वर्तमानपत्रातलं कात्रण बराकीत भिंतीला चिकटवलं होतं मी.

पत्र वाचल्यावर मेजरबाईंना भेटायला गेले. त्या आता शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात आहेत. कान गेलेत, पण डोकं अजून परेडवर. मला बघून म्हणाल्या, टोपी कुठे आहे? मी पुष्कळ मोठ्याने विचारलं, इतकं की शेजारच्या खोलीतल्या आजोबांनीही उत्तर द्यायचा प्रयत्न केला.

त्यांना सगळं आठवत होतं. चौकशी त्यांच्यासमोर झाली होती. बाबा टेबलापुढे उभे राहिले, घाम पुसत. मेजरबाईंनी विचारलं, माप कसं घेतलं? बाबा म्हणाले, नेहमीसारखं, उभं करून. त्यांनी विचारलं, बटणं कुठे आहेत? बाबा लाल झाले आणि म्हणाले, पुढे, असतात तिथे. मेजरबाईंच्या अंगात त्या क्षणी तीच पँट होती, टेबलाखाली. त्यांनी पेन उचललं आणि बाबांचंच नाव लिहिलं. मला म्हणाल्या, "शिंप्याची चूक म्हटली की दंडावर भागत होतं. मुलीचं नाव आलं असतं तर ती चोरी ठरली असती, म्हणजे तुरुंग. तो बाप खोटं बोलत होता आणि मला ते खोटं हवं होतं."

मी विचारलं, मग नंतर पाटीच्या वेळी? म्हणाल्या की कागदावर नाव बाबांचं होतं, वरून विचारणा आली तेव्हा त्यांनी तेच पुढे पाठवलं, आणि बाबांना खाजगीत विचारलंही होतं, बदलायचं का? बाबा म्हणाले, आता राहू दे. एवढंच. का ते बाबांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

मी घरी येताना बसमध्ये विचार करत होते. कदाचित आधी मान गेला होता तो परत मिळाला, आणि पुन्हा सोडवेना. कदाचित खोटं बोललो होतो हे सांगायची लाज वाटली. कदाचित त्यांना वाटलं की आपल्या पोरीचं ते आपलंच. मला माहीत नाही ताई. त्यांनी तुला वाचवलं हे खरं, आणि नंतर गप्प बसले हेही खरं. मी इतकी वर्षं पहिलं धरून बसले आणि तू दुसरं. मी तुझ्या जागी असते तर त्यांच्या निरोपाला आले असते का, ते मला सांगता येत नाही. तेव्हा निरोपाचं जे लिहिलं, ते खोडत नाही, पण त्याचं उत्तर आता मागत नाही.

मुलाला सांगितलं. तो चिडला. त्याने आजोबांच्या मांडीवर बसून बटणं ओवलेली आहेत, त्याला ऐकवेना. गेलेल्या माणसाला कशाला खाली ओढायचं, म्हणाला, आणि मावशीला हवं होतं तर तिने तेव्हा बोलायचं होतं. मी म्हटलं, तुझी मावशी कधी बोलून दाखवते का? आमच्यात सध्या फक्त 'जेवलीस का' आणि 'हो' एवढंच चाललंय. तो पाटी घेऊन संग्रहालयात येणार आहे. मी काय करणार ते मी त्याला सांगितलेलं नाही. अजून मलाही नीट माहीत नाही.

तुझी धाकटी


११ एप्रिल

प्रिय ताई,

काल झालं सगळं. आज पाय सुजलेत, पलंगावर बसून लिहिते आहे, अक्षर चालवून घे.

कोट बसला. आरशात पाहिलं तर गडद पट्टे चांगलेच दिसत होते, पण मला आवडले. मुलाने गाडी दारात आणली, पाटी टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलेली. वाटेत त्याने नजर रस्त्यावरून काढली नाही. उतरताना मात्र पुढे होऊन माझी टोपी सरळ केली.

आम्ही मूठभरच उरलो आहोत. कुणी काठी घेऊन, कुणी सुनेच्या हाताला धरून. कुणाचा स्कर्ट मागून पिनांनी धरलेला, कुणाच्या अंगात नुसतीच टोपी आणि खाली घरचे कपडे. शिडी खरंच पूर्ण गणवेशात होती, आणि खरंच सगळं बसलं होतं. आता ती जरा वाकली आहे, त्यामुळे दारातून सरळ आत आली. मेजरबाईंना चाकांच्या खुर्चीतून आणलं, तशा आम्ही सगळ्या न सांगता ताठ उभ्या राहिलो. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि एकीला सांगितलं, तुझं बटण उघडं आहे. ते उघडंच होतं.

पँट काचेत पाहिली. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला आधी तिची शिवण दिसली. गुडघ्याजवळची ती दुहेरी शिवण, तिथे तू कोपरा मोडून वळतेस तशी वळलेली. ती तुझी आहे हे मला हजार कपड्यांत ओळखता आलं असतं.

भाषणं झाली. संग्रहालयाच्या साहेबांनी बाबांचं नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला म्हणाले, वडिलांविषयी दोन शब्द बोला. मी उठले. मुलगा मागच्या रांगेत, पाटी मांडीवर. त्याच्याकडे बघितलं असतं तर जीभ अडखळली असती, म्हणून शिडीकडे बघून बोलले.

मी म्हटलं की माझ्या वडिलांनी या पँटींसाठी स्वतःचं काम घालवलं, दुकान ओस पडू दिलं, तुरुंगात जायची तयारी ठेवली. ते सगळं खरं आहे आणि त्यासाठी त्यांचा फोटो इथे असायलाच हवा. पण पँट त्यांनी शिवली नाही. "ही माझ्या मोठ्या बहिणीने बेतली आणि शिवली. तिला दलात यायचं होतं, तिला येऊ दिलं नाही. तिने मला टेबलाखाली झोपवून माप घेतलं." एवढंच बोलले आणि बसले.

मग शिडी मोठ्याने म्हणाली, "तरीच." म्हणाली, आम्ही तेव्हा बराकीत म्हणायचो की हा शिंपी गेल्या जन्मी नक्की ड्रायव्हर बाई असणार, नाहीतर पाना कुठे ठेवायचा ते त्याला कसं कळलं? सगळ्या बायका हसायला लागल्या, आणि मग जी ती आपापलं सांगायला लागली. एकजण म्हणाली, ती पँट घालून मी पहिल्यांदा भिंतीवरून उडी मारली आणि मग उड्याच मारत राहिले. जिचा पाय वाचला होता ती नवी मुलगी, आता तिला पणतू आहे, तिने विचारलं, तुमची बहीण आहे का अजून? मी म्हटलं, आहे. तिने माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. ते तुझ्यासाठी होतं, मी नुसती मध्ये उभी होते.

मेजरबाईंना काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. संग्रहालयातल्या मुलीने त्यांना कागदावर लिहून विचारलं, हे खरं आहे का? त्यांनी वाचलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, अर्थात खरं आहे, मी तेव्हापासून हा प्रश्न कुणी विचारेल म्हणून थांबले आहे.

मुलगा बाहेर व्हरांड्यात सापडला. पाटी तशीच हातात. मला वाटलं आता वाद होणार. तो म्हणाला, "आई, मावशी एकदा म्हणून इकडे आली नाही, आणि आपल्यापैकी कुणीच तिला विचारलं नाही." मग त्याने पाटी आत नेऊन दिली. बाबांच्या फोटोखाली ती राहील, पण शेजारी लिहायचं की त्यांनी आळ स्वतःवर घेतला. ते वाक्य मुलानेच त्या मुलीला सांगितलं. चांगलं आहे, साधं.

आता पँटीचं. जुनं कार्ड त्यांनी लगेच काढलं. नवीन छापायला टाकायचं आहे. त्यावर, बेतणारी व शिवणारी, आणि पुढे नाव. ती मुलगी पेन काढून उभी राहिली आणि मला विचारलं, बहिणीचं नाव काय लिहायचं?

माहेरचं आडनाव लिहायचं तर ते बाबांचं. तू शिवलीस तेव्हा तुझं तेच नाव होतं, पण ते तुला त्या काचेत तुझ्या नावापुढे हवं आहे की नाही, हे मी कोण ठरवणार? सासरचं लिहायचं तर त्या घरातल्या कुणी ती पँट कधी पाहिलीही नाही. मी त्या मुलीला म्हटलं, ताईचं नाव ताईलाच विचारते. ती म्हणाली, आम्ही थांबू. तोवर काचेत पँट आहे, आणि खाली नुसती जागा सोडली आहे.

तर ताई, कळव. पहिलं, दुसरं, दोन्ही, किंवा घरात हाक मारायचो ते एकटंच. जे सांगशील तेच छापतील, मी स्वतः जाऊन वाचून येईन. आणि तुला तुझ्या डोळ्यांनी वाचायचं असेल, तर माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, खिडकी सकाळच्या उन्हाकडे आहे. बोटीचं नको, विमानाने ये. घाई नाही. पण आपल्या दोघींची वयं बघता फार उशीरही करू नकोस.

तुझीच,
धाकटी